मेल परत आला, आता काय? ब्लॉकलिस्टविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वागळे इस्टेटपासून रबाळे-महाप्यापर्यंत बहुतेक छोट्या कारखान्यांचं कोटेशन, पर्चेस ऑर्डर, ड्रॉइंग, पेमेंटची आठवण, सगळं मेलवर चालतं. मेल परत आला की आमच्यासारख्या मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आम्हाला ब्लॅकलिस्ट केलंय म्हणे, कुणी केलं?" ही उत्तरं अशा मालकांसाठी, अकाउंट्स बघणाऱ्यांसाठी आणि ऑफिसात 'कॉम्प्युटरचं तूच बघ जरा' म्हणून ज्यांच्या गळ्यात मेल पडला आहे त्यांच्यासाठी आहेत.

ब्लॉकलिस्ट म्हणजे नेमकं काय?

जिथून स्पॅम निघताना दिसला आहे, किंवा जिथून थेट मेल निघायलाच नको, अशा पत्त्यांची सतत बदलणारी यादी. पत्ता म्हणजे इथे सर्व्हरचा आयपी पत्ता, इंटरनेटवरची त्याची आकड्यांची ओळख. काही याद्यांमध्ये डोमेनची नावं असतात. यादी चालवणारी संस्था कुणाचाही मेल स्वतः अडवत नाही, ती फक्त माहिती पुरवते. वाशीच्या मार्केटात अनोळखी माणूस उधारीवर माल मागायला आला की व्यापारी आधी दोन गाळ्यांवर चौकशी करतो. सांगणारे सांगतात, पण माल द्यायचा की नाही ते गल्ल्यावर बसलेलाच ठरवतो. इथेही शेवटचा निर्णय मेल घेणाऱ्या सर्व्हरचा असतो. "कुणी केलं?" या प्रश्नाला म्हणूनच दोन उत्तरं असतात: नाव एकाने नोंदवलं, आणि त्यावर विश्वास ठेवून मेल दुसऱ्याने नाकारला.

यादी आमचे मेल वाचते का?

नाही. आयपीची यादी तपासताना मेलचा एक शब्दही यादीवाल्यांपर्यंत जात नाही. तुमचा सर्व्हर समोरच्या सर्व्हरशी जोडला गेला की त्याच क्षणी समोरच्याला तुमचा आयपी कळतो. विषय, मजकूर, पीडीएफ हे सगळं नंतर येतं. त्याआधीच तो यादीला विचारून घेतो. मराठीत लिहिलं की इंग्रजीत, त्याने इथे काही फरक पडत नाही.

याद्या इतक्या उपयोगी पडतात त्याचं कारणही हेच. मजकूर तपासायचा तर आधी पूर्ण मेल उतरवून घ्यावा लागतो, जोडलेली फाइल उघडून बघावी लागते, प्रोसेसर खर्ची पडतो. यादीला विचारायला एक छोटासा प्रश्न पुरतो. दिवसरात्र स्पॅमचा मारा झेलणाऱ्या सर्व्हरवरचा मोठा भार असा दारातच हलका होतो आणि उरलेले मेल नीट तपासायला सवड मिळते.

हा प्रश्न विचारतात कसा?

डीएनएसमधून. वेबसाइटचं नाव टाकल्यावर आयपी शोधून देणारी जी व्यवस्था आहे, तीच. समजा तुमच्या सर्व्हरचा आयपी २०३.०.११३.४५ आहे. समोरचा सर्व्हर हे चार आकडे उलट्या क्रमाने मांडतो, ४५.११३.०.२०३, आणि त्यापुढे यादीचं नाव जोडतो, जसं स्पॅमहॉस या संस्थेच्या यादीचं झेन.स्पॅमहॉस.ऑर्ग. मग या लांबलचक नावाचा आयपी डीएनएसला विचारतो. 'असं नाव अस्तित्वात नाही' असं उत्तर आलं तर तुम्ही यादीत नाही. १२७.०.०.२ किंवा १२७.०.०.४ असं काही आलं तर यादीत आहात, आणि शेवटच्या आकड्यावरून कारण कळतं. १२७ ने सुरू होणारे पत्ते इंटरनेटवर कुणाला दिले जात नाहीत, त्यामुळे ते असे सांकेतिक उत्तर म्हणून बिनधोक वापरता येतात.

ही पद्धत २०१० मध्ये आरएफसी ५७८२ या इंटरनेटच्या पद्धती नोंदवणाऱ्या दस्तऐवजात लिहून ठेवली गेली. त्यातली एक सोय मला फार आवडते: प्रत्येक आयपी यादीत १२७.०.०.२ हा पत्ता चाचणीसाठी कायम नोंदलेला असला पाहिजे आणि १२७.०.०.१ कधीही नसला पाहिजे. हे दोन प्रश्न विचारून बघितले की यादी जिवंत आहे का आणि शुद्धीवर आहे का, दोन्ही कळतं.

हे सुरू कुणी केलं?

नको असलेला ढीगभर मेल पाठवण्याची पहिली नोंदलेली घटना १९७८ ची. गॅरी थर्क या विक्रेत्याने डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेटवरच्या (इंटरनेटच्या पूर्वरूपावरच्या) सुमारे ४०० जणांना पाठवली होती. पण खरा पूर आला तो नव्वदच्या दशकात. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'आरबीएल' या नावाने पहिली यादी चालवली. सुरुवातीला ती थेट राउटरला दिली जायची, म्हणजे त्या पत्त्यांशी सगळाच संबंध तुटायचा. पुढे ती डीएनएसमधून देण्याची कल्पना आली आणि कुठल्याही साध्या मेल सर्व्हरला ती वापरता येऊ लागली. व्हिक्सी हे डीएनएस चालवणाऱ्या बाइंड या सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षं काम केलेले गृहस्थ, तेव्हा त्यांच्या यादीला हा मार्ग सापडला यात नवल नाही. स्टीव्ह लिनफर्ड यांनी स्पॅमहॉस सुरू केली १९९८ मध्ये. स्पॅमकॉप ही दुसरी यादीही त्याच वर्षीची.

याद्या इतक्या वेगवेगळ्या का?

कारण गुन्हे वेगवेगळे आहेत, आणि काही नोंदी तर गुन्ह्याच्या नाहीतच. स्पॅमहॉसचंच बघा. त्यांच्या एसबीएलमध्ये स्पॅमरचे आणि त्यांना आसरा देणाऱ्यांचे पत्ते असतात. एक्सबीएलमध्ये व्हायरस शिरलेली, दुसऱ्याच्या ताब्यात गेलेली यंत्रं. सीएसएसमध्ये गचाळपणे ढिगाने मेल पाठवणारे सर्व्हर. पीबीएलमध्ये घरगुती ब्रॉडबँडसारखे पत्ते, जिथून थेट मेल निघणं अपेक्षितच नाही. या सगळ्यांचं एकत्र उत्तर देणारी यादी म्हणजे झेन. डोमेनसाठी डीबीएल वेगळी आहे. मेलमधल्या लिंकचं डोमेन बघायला ती कामी येते, कारण स्पॅमर आयपी रोज बदलतो पण गिऱ्हाईक न्यायचं ते दुकान कुठेतरी उभं असावंच लागतं.

"आम्ही यादीत आहोत" एवढं सांगून म्हणूनच काहीच कळत नाही. कुठल्या यादीत आणि कुठल्या कारणाने, हे आधी विचारा.

ब्रॉडबँडचा आयपी तपासला तर पीबीएलमध्ये निघाला. घाबरायचं का?

अजिबात नाही. ठाणे, नवी मुंबईतल्या घरगुती जोडण्यांचे पत्ते बदलते असतात, आणि बऱ्याच ठिकाणी एकच आयपी अनेक घरांत वाटलेला असतो. पीबीएलमध्ये असे पत्ते कुठल्याही आरोपाशिवाय नोंदलेले असतात. तुम्ही आउटलुक किंवा फोनवरून युजरनेम-पासवर्ड देऊन, ५८७ किंवा ४६५ पोर्टने (पोर्ट म्हणजे सर्व्हरचं क्रमांक दिलेलं दार) आपल्या मेल सर्व्हरकडे मेल देत असाल तर या नोंदीने तुमचं काही अडत नाही. पुढे मेल नेणारा आयपी तुमच्या सर्व्हरचा असतो, घराचा नाही. घोडबंदर रोडवरून घरबसल्या काम करणाऱ्याचा मेल पीबीएलमुळे अडतोय असं दिसलं, तर दोष कंपनीच्या सर्व्हरच्या मांडणीत आहे: लॉग-इन केलेल्याला परवानगी देणारा नियम आधी हवा, यादीची तपासणी त्यानंतर.

आम्ही स्पॅम पाठवतच नाही. मग आमचं नाव कसं आलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणारा बहुतेक वेळा खरंच बोलत असतो. स्पॅम त्याने पाठवलेला नसतो, त्याच्याकडून गेलेला असतो.

वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनीअरिंग युनिटचं उदाहरण सांगतो. सोमवारी सकाळी पुण्याच्या ग्राहकाला पाठवलेलं कोटेशन परत आलं. सर्व्हर उघडून बघितला तर रांगेत हजारो मेल तुंबलेले, घेणारे सगळे अनोळखी, पाठवणारं नाव मात्र एकच: अकाउंट्स विभागाचं. शुक्रवारी त्या ताईंना 'तुमचा मेलबॉक्स भरला आहे, इथे लॉग-इन करा' असा मेल आला होता. पान हुबेहूब त्यांच्या वेबमेलसारखं, म्हणून त्यांनी पासवर्ड टाकला. शनिवार-रविवार कारखाना बंद होता आणि त्यांच्या नावाने परदेशातून लॉग-इन करून कुणीतरी सर्व्हर राबवत होतं.

आम्ही आधी पासवर्ड बदलला, चालू असलेली सगळी लॉग-इन तोडली, रांग रिकामी केली. त्यानंतर मेलबॉक्सचे फॉरवर्डिंगचे नियम उघडले, आणि खरा धोका तिथे दिसला. विषयात 'पेमेंट' किंवा 'इन्व्हॉइस' असलेला प्रत्येक मेल गुपचूप बाहेरच्या पत्त्यावर जाईल असा नियम त्या माणसाने लावून ठेवला होता. 'आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे' असे खोटे मेल ग्राहकांना जातात ते अशाच माहितीवर. यादीत नाव आलं म्हणून ही चोरी सोमवारीच पकडली गेली. नाव आलं नसतं तर तो नियम किती दिवस चालला असता, कुणास ठाऊक. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगतो, की यादीत नाव आलं तर रागावण्याआधी आपल्या घरात शोधा.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे ऑफिसातलं एखादं जुनं यंत्र. सगळी यंत्रं एकाच आयपीने बाहेर जातात, त्यातल्या एकात व्हायरस शिरला की तो स्वतःच २५ नंबरच्या पोर्टने मेल फेकू लागतो. तो सर्व्हरमधून जातच नाही, त्यामुळे सर्व्हरच्या लॉगमध्ये काही दिसत नाही आणि लोक गोंधळतात. उपाय राउटरवर आहे: मेल सर्व्हर सोडून बाकी कुणालाही २५ पोर्टने बाहेर जाऊ देऊ नका. हा नियम लावून त्याच्या नोंदी बघितल्या की दोषी यंत्र लगेच सापडतं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून अशा यंत्रांच्या सफाईची साधनं फुकट देतं.

आणि तिसरं, शेजार. स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवर एका आयपीवर शेकडो डोमेन असतात, त्यातल्या एकाच्या पापाची झळ सगळ्यांना बसते. तिथे तुमच्या हातात फार काही नाही. होस्टिंगवाल्याला तक्रार करा, हलत नसेल तर जागा बदला.

परत आलेल्या मेलमध्ये काय बघायचं?

बहुतेक जण तो न वाचताच डिलीट करतात, आणि सगळी माहिती त्यातच असते. '५५४ ५.७.१' अशा आकड्यांनंतर 'क्लायंट होस्ट ब्लॉक्ड युजिंग' आणि पुढे यादीचं नाव, कंसात तुमचा आयपी, बऱ्याचदा कारण सांगणाऱ्या पानाची लिंकही. आकडा ५ ने सुरू झाला तर नकार पक्का. ४ ने सुरू झाला तर 'थोड्या वेळाने पुन्हा या', तुमचा सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. 'युजर अननोन' असेल तर यादीचा काही संबंध नाही, पत्ता चुकलाय. फोन करताना स्क्रीनचा अर्धा फोटो पाठवू नका, पूर्ण मजकूर पाठवा.

नाव काढायचं कसं? पैसे लागतात का?

आधी कारण दूर करा, मग अर्ज. उलट केलंत तर नाव निघतं आणि पुन्हा चढतं, आणि वारंवार चढणाऱ्या नावाकडे यादीवाले साहजिकच कडक नजरेने बघतात. एक्सबीएलसारख्या नोंदी दुरुस्तीनंतर संकेतस्थळावरून स्वतःला काढता येतात. एसबीएलसाठी मात्र तुम्हाला आयपी देणाऱ्या कंपनीने लिहावं लागतं. स्पॅमकॉपची नोंद नव्या तक्रारी थांबल्या की २४ तासांत आपोआप गळून पडते.

स्पॅमहॉस नाव काढण्याचे पैसे घेत नाही. काही याद्या 'लवकर काढायचं असेल तर फी भरा' म्हणतात. माझं मत स्पष्ट आहे, भरू नका. आणि 'शंभर याद्यांमधून तुमचं नाव साफ करून देतो' असा फोन आला तर तो ठेवून द्या.

प्रदर्शनात मिळालेल्या कार्डांवर मेल पाठवले तर चालतं का?

वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये ज्याने स्वतः कार्ड दिलं आणि कॅटलॉग मागितला, त्याला एक मेल जरूर पाठवा. पण आयोजकाकडून मिळालेली सगळ्या भेट देणाऱ्यांची एक्सेल फाइल, किंवा 'महाराष्ट्रातले पन्नास हजार उद्योजक' म्हणून विकत घेतलेली यादी, हिला हात लावू नका. तिने तुमचं मेलचं नाव बुडेल.

अशा विकतच्या याद्यांत सापळे असतात. एका प्रकारचा सापळा म्हणजे कुणाही माणसाचा नसलेला मेल पत्ता, जो फक्त वेबपानांच्या कोपऱ्यात लपवलेला असतो. त्याने कधी काही मागवलेलं नाही, त्यामुळे तिथे आलेला प्रत्येक मेल परवानगीशिवायचा, हे सिद्धच होतं. दुसरे सापळे वर्षानुवर्षं बंद पडलेल्या जुन्या पत्त्यांचे. तिथे मेल गेला म्हणजे तुमची यादी कधी झाडलीच गेली नाही. दिवाळीच्या शुभेच्छा दहा वर्षांपूर्वीच्या ॲड्रेस बुकला पाठवणाऱ्या सज्जन लोकांचे सर्व्हर याच कारणाने अडकतात.

याद्या कधी चुकतात का?

चुकतात, आणि त्या चुका माहीत असलेल्या बऱ्या. ऑगस्ट २००३ मध्ये ऑसिरूसॉफ्ट नावाची यादी बंद होताना तिने जगातल्या प्रत्येक आयपीला 'हो, यादीत आहे' असं उत्तर द्यायला सुरुवात केली आणि तिच्यावर विसंबलेल्यांचे सगळे मेल अडले. जानेवारी २०२१ च्या शेवटी स्पॅमकॉपच्या डोमेनचं नूतनीकरण राहून गेलं. डोमेन पार्किंगवर (विक्रेत्याच्या तात्पुरत्या जाहिरातपानावर) गेल्याने कुठल्याही प्रश्नाला उत्तर येऊ लागलं आणि चांगले मेलही नाकारले गेले. सॉर्ब्ज ही जुनी यादी जून २०२४ मध्ये बंद झाली, तरी कित्येक सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ती अजून सापडते. वर्षातून एकदा तरी आपल्या सर्व्हरवर कुठल्या याद्या लावल्या आहेत ते बघा आणि मेलेल्या काढून टाका.

आमच्या सर्व्हरवर यादी लावताना काय सांभाळायचं?

पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीचं काम आहे, पण तीच ओळ चुकली तर येणारे सगळे मेल बंद. माझ्या पाहण्यातली नेहमीची चूक अशी: सर्व्हरला डीएनएससाठी ८.८.८.८ सारखा सार्वजनिक पत्ता दिलेला असतो. अशा मार्गाने आलेल्या प्रश्नांना स्पॅमहॉस उत्तर नाकारते आणि त्याऐवजी १२७.२५५.२५५.२५४ हा संकेत देते, म्हणजे 'तुम्ही सार्वजनिक डीएनएसमधून विचारताय'. 'काहीही उत्तर आलं की नाकार' असं लिहिलेला सर्व्हर त्यालाही 'यादीत आहे' समजतो आणि ग्राहकांच्या ऑर्डरी दारातून परत पाठवतो. स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं शोधून आणणारा सर्व्हर) बसवा, आणि कुठला संकेत आल्यावर नाकारायचं ते आकड्यानिशी लिहा.

एका यादीच्या शब्दावर सगळं ठरवण्यापेक्षा गुण द्यायची पद्धत बरी. पोस्टस्क्रीन, आरस्पॅमडी किंवा स्पॅमअसॅसिन ही स्पॅम गाळणारी सॉफ्टवेअर प्रत्येक यादीला वजन देतात आणि बेरीज ठराविक मर्यादेपलीकडे गेली तरच मेल अडवतात. स्पॅमहॉससारख्या यादीला जास्त वजन द्या, अतिकडक यादीला कमी. स्पॅमहॉसचा मोफत वापर थोडक्या, बिगरव्यावसायिक मेलसाठी आहे. धंद्यासाठी वर्गणी भरावी लागते, आणि ती भरणं योग्य आहे. कुणीतरी रात्रंदिवस हे काम करतंय.

यादीवाल्यांना कुणी कोर्टात खेचलं नाही का?

खेचलं. अमेरिकेतल्या ई३६० या मार्केटिंग कंपनीने स्पॅमहॉसवर दावा लावला, आणि २००६ मध्ये, स्पॅमहॉस बाजू मांडायला उभी न राहिल्याने, १ कोटी १७ लाख डॉलरचा निकाल लागला. अपिलांमागून अपिलं होत २०११ मध्ये ती रक्कम ३ डॉलरवर आली. मार्च २०१३ मध्ये तर स्पॅमहॉसवर सेकंदाला सुमारे ३०० गिगाबिटचा हल्ला झाला, तोवरच्या ज्ञात हल्ल्यांत सर्वांत मोठ्यांपैकी. यादी निरुपयोगी असती तर तिच्यावर कुणी एवढी ताकद खर्चली नसती.

आम्ही जीमेलवर आहोत, आमचा काय संबंध?

जीमेल, आउटलुक यांच्या स्वतःच्या आतल्या प्रतिष्ठेच्या नोंदी असतात आणि त्या बाहेरच्यांना पूर्ण दिसत नाहीत. तिथे तुमचं डोमेन कसं वागतं हे महत्त्वाचं. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने नियम कडक केले: जीमेलकडे दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या डोमेनची ओळख पटवणाऱ्या तिन्ही सोयी हव्यात, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात. छोट्या पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतंच. पण लक्षात घ्या, या तीन गोष्टी 'मेल खरंच या डोमेनचा आहे' एवढंच सांगतात. स्पॅमरही स्वतःच्या डोमेनवर त्या व्यवस्थित लावतो. म्हणून याद्यांची गरज संपत नाही.

सगळं लावूनही स्पॅम येतोच. का?

मोठ्या सेवांच्या आयपीवरून येणारा स्पॅम यादीने अडवता येत नाही, कारण त्याच आयपीवरून लाखो प्रामाणिक मेलही येतात. शिवाय चोरलेल्या खऱ्या खात्यातून आलेला मेल पहिल्या काही तासांत कुणाच्याच यादीत नसतो. तिथे मजकूर तपासणारी गाळणी आणि वाचणाऱ्याचं भान, दोन्ही लागतात.

भारतात याविरुद्ध कायदा आहे का?

ईमेल स्पॅमसाठी वेगळा कायदा नाही. दूरसंचार नियामक ट्रायचे २०१८ चे नियम आणि १९०९ क्रमांक कॉल आणि एसएमएससाठी आहेत. मेलवरून पैशांची फसवणूक झाली असेल तर मात्र वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या तासांतच असते.

नवा सर्व्हर घेतोय. आधी काय बघू?

ऐरोली-महाप्याच्या डेटा सेंटरमधला असो की कुठलाही, भाड्याचा आयपी आधी कुणीतरी वापरलेला असतो. पैसे भरण्याआधी तो याद्यांमध्ये तपासा आणि खराब निघाला तर दुसरा मागा, बहुतेक जण देतात. आयपीवरून उलट नाव शोधलं तर तुमच्या मेल सर्व्हरचंच नाव यायला हवं. ही पीटीआर नोंद आयपी देणाऱ्या कंपनीकडून करून घ्यावी लागते. पहिल्याच दिवशी सगळ्या ग्राहकांना 'आमचा नवा पत्ता' असं ढिगाने कळवू नका. ज्यांच्याशी रोजचा व्यवहार आहे त्यांच्यापासून सुरुवात करा, दोन-तीन आठवडे रोज थोडे थोडे वाढवत न्या, आणि या काळात परत येणारा प्रत्येक मेल उघडून वाचा.